कॉलेज, व्हाया तुळजापूर

एखाद्या घरी बाईंनी हेल्मेट काढलं असं कळलं की आमच्या गल्लीतल्या बायका हातातलं काम टाकून दारात यायच्या. हेल्मेट डोक्यावर आहे तोवर बाई नुसत्या निरोप द्यायला आल्यात असं समजायचं. पोरगं का आलं नाही एवढं विचारून, ओसरीच्या कडेला टेकल्यासारखं करून त्या निघायच्या. पण त्यांनी हनुवटीखालचा पट्टा सोडला, हेल्मेट मांडीवर घेतलं आणि त्यावर दोन्ही हात ठेवले, की घरचा कर्ता माणूस मनातल्या मनात हरलेला असे. मग 'व्हय' ऐकल्याशिवाय बाई उठत नसत. जेवणवेळ झाली तर तिथंच जेवत, कालवणात मीठ कमी असेल तर तसं तोंडावर सांगत आणि पुन्हा मूळ मुद्द्यावर येत.

मुद्दा वर्षानुवर्षं एकच. पोरगं दहावीला असेल तर त्यानं बारावी केली पाहिजे, बारावीला असेल तर कॉलेजला गेलं पाहिजे. पोरगी असेल तर तेच, फक्त आवाज जरा जास्त मोठा.

बाई आम्हाला गणित शिकवायच्या. भूम तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेला अकरावी-बारावीही जोडलेली होती आणि सगळ्या वर्गांचं गणित बाईंकडेच होतं. त्या भूमला खोली घेऊन राहायच्या आणि तिथून स्कूटीवर यायच्या. ठेंगण्या, जाड, साडी घोट्याच्या वर खोचलेली आणि खाली पुरुषांचे पांढरे कॅनव्हासचे बूट. साडीवर बूट कशाला, असं एकदा हेडमास्तरांनी चाचरत विचारलं होतं. बाई म्हणाल्या, "सर, ही पोरं पळत्यात. चपला घालून म्या कशी गाठू?" हेडमास्तरांनी नंतर तो विषय काढला नाही.

त्यांचं माहेर तुळजापूरचं. वडिलांचं देवळाच्या वाटेवर हळदीकुंकवाचं, परड्यांचं आणि कवड्यांच्या माळांचं दुकान होतं आणि बाई लहानपणापासून त्या दुकानाच्या पायरीवर उभ्या राहून गिऱ्हाइकं बोलवायच्या. ती सवय पुढं नोकरी लागली तरी गेली नाही. तुळजापूरचे पुजारी भाविकाला यजमान म्हणतात, तसं बाई प्रत्येक पोराच्या बापाला यजमान म्हणायच्या. ज्याच्या घरावर धड पत्रे नाहीत त्यालाही यजमान. रस्त्यात कुणी दिसला की स्कूटी आडवी घालून म्हणणार, "काय यजमान, कुठं चाललाव? पोराचं काय ठरलं? अहो, कॉलेज बघून तरी या, बघायला पैसे पडत न्हाईत." गावातले काही बाप लांबून पांढरे बूट दिसले की वाट सोडून शेताच्या बांधाने जायचे. बाई मग स्कूटी उभी करून बांधाने जायच्या.

आता कुणी म्हणेल, केवढी प्रेमळ बाई! तसलं काही नाही. बाई प्रेमळ बिलकुल नव्हत्या. निकालाच्या दिवशी पोरं पेढे घेऊन गेली की त्या हात मागे बांधून उभ्या राहायच्या. "पेढा मागनं. पुढं काय?" पुढचं ठरलेलं नसेल तर पेढा तसाच. चांगले गुण पडले तर शाबास म्हणणं त्यांच्या जिवावर यायचं, आणि कमी पडले तर सगळ्या वर्गादेखत पाणउतारा. कुणी "बाई, मला डोकंच न्हाय" असं म्हणालं की मात्र त्या खऱ्या चिडायच्या. "डोकं समद्यांना असतंय. त्यात घालायला वेळ लागतोय. बस खाली, परत सोडव." माझ्या पुढच्या बाकावरची मुलगी अकरावीत एकच गणित सकाळपासून दुपारच्या सुट्टीपर्यंत सोडवत बसली होती, आणि बाई तिच्याशेजारी बसून शांतपणे शेंगाचटणी आणि भाकरी खात होत्या. गणित सुटलं तेव्हा बाईंनी उरलेली अर्धी भाकर तिच्यापुढं सरकवली. हे त्यांचं कौतुक.

आणि चुका? चुका तर त्यांनी मोठमोठ्या केल्या आणि एकही कबूल केली नाही. एका मुलाला शेळ्यांचं भारी वेड होतं. बाईंनी त्याच्या बापाचं डोकं खाऊन त्याला इंजिनीअरिंगला घातलं. दोन वर्षांनी तो परत आला, बापाच्या रानात शेड मारलं आणि शेळ्या पाळल्या. आज त्याच्या बोकडांना लांबलांबून गिऱ्हाईक येतं. लोक बाईंना चिडवायचे, की बघा, तुमचं इंजिनीअरिंग कुठं गेलं? बाई ठसक्यात म्हणायच्या, "ते शेड बघितलं का? वारं कुठनं येतंय, पानी कुठनं जातंय, समदं मापात हाय. ते कुनी शिकवलं?" 

आमच्या भागातली बरीच घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मोठी माणसं गेली की पोरंही ट्रॅक्टरवर बसतात आणि ती शाळेत परत येतील याची खात्री नसते. बाई दिवाळीच्या सुट्टीतच अशा घरी जाऊन हेल्मेट काढायच्या. दहावी-बारावीचं पोर आजी, मावशी, शेजारीण, कुणाकडेही ठेवा, पण इथंच ठेवा. मागं राहिलेल्या त्या पोरांना पहाटे उठवणारं घरी कुणी नसे. म्हणून परीक्षेच्या महिन्यात बाई अंधार असतानाच भूमहून यायच्या आणि गल्लीगल्लीतून स्कूटीचा हॉर्न वाजवत फिरायच्या. पोरानं उठून दिवा लावला की हॉर्न पुढच्या घरी. गावातल्या म्हशी उठायच्या, कुत्री उठायची, म्हातारी माणसं अंथरुणातूनच शिव्या घालायची. सरपंचांनी तक्रार केली. बाई म्हणाल्या, "तुमच्या पोराच्या हळदीत डीजे कितीला बंद झाला हुता, सांगू का?" तक्रार मागं घेतली गेली. पहाटेच्या त्या हॉर्नवर आमच्या गावची किती पोरं बारावी पार झाली, ते आम्हालाच ठाऊक. त्यातला एक आज पोलिसात आहे. जीपवर सायरन आहे, तरी म्हणतो, बाईंच्या हॉर्नची सर नाही.

कॉलेजच्या खर्चाचं त्यांनी काढलेलं औषध तर त्याहून तऱ्हेवाईक होतं. मुलींची फी बहुतेक माफ असायची, पण राहण्याखाण्याचं काय? घर सोडून जायचं तर पेटी पाहिजे, गादी पाहिजे, चार भांडी पाहिजेत, महिन्याच्या महिन्याला हात मोकळा पाहिजे. बाप म्हणायचा, एवढं लग्नासाठी साठवलंय, ते याच्यात घालवू का? बाईंनी याच्यावर तोड काढली, आगाऊ आहेर. त्या मुलीच्या मामाकडे जायच्या, आत्याकडे जायच्या, चुलत्याकडे जायच्या. "भाचीच्या लग्नात आहेर करणार का न्हाय?" मामा म्हणणार, म्हणजे काय बाई, करणारच की, इज्जतीचा सवाल हाय. "मग आत्ताच करा. लग्नात रिकाम्या हातानं या, पोटभर जेवा, कुनी काय बोललं तर म्या हाय." मामा पुरता अडकलेला असायचा. द्यायचं तर कबूल केलेलं आणि आता द्या म्हटलं तर नाही कसं म्हणणार? माझ्या पुढच्या वर्गातली एक मुलगी अशा आगाऊ आहेरावर नर्सिंग शिकली. पुढं तिच्या लग्नात माईकवर आहेर पुकारायला बसलेल्या माणसाची पंचाईत झाली. पुकारायला काही येईचना. तेव्हा तिच्या मामानंच माईक हातात घेतला आणि सांगितलं, "आमचा आहेर नवरी रोज दवाखान्यात अंगात घालती. नर्सचा डगला हाय त्यो." मंडपात शिट्ट्या वाजल्या. आम्ही पोरी तर उभ्या राहून टाळ्या पिटत होतो.

हे सगळं दुसऱ्यांच्या घरी चाललेलं असताना मजेचं वाटायचं. मी बारावीला आले आणि पाळी आमच्या घरावर आली.

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, बोलायला मवाळ आणि आतून कडक. त्यांचा चुलतभाऊ, आमचे बापूकाका, बार्शीच्या बाजारात येऊनजाऊन असायचे. त्यांनी तिकडचं स्थळ आणलं. बागायतदार घर, मुलाचा स्वतःचा टेम्पो, मागणी काही नाही, फक्त परीक्षा झाली की उन्हाळ्यातच लग्न पाहिजे. घरात सगळ्यांना पसंत. आई काही बोलली नाही, पण तिला कुणी विचारलंही नव्हतं. मला रसायनशास्त्र आवडायचं, मला सोलापूरला बीएस्सीला जायचं होतं, आणि हे मी फक्त बाईंना बोलले होते. आप्पांनी होकार द्यायचा तेवढा बाकी होता. ते म्हणाले, "बापू, देवीला इचारतो आन् मग सांगतो." आमचं कुलदैवत तुळजाभवानी. तिला विचारल्याशिवाय आमच्या घरात विहीरही खणत नाहीत.

बाई आल्या. हेल्मेट काढलं. मी चुलीपुढं कान देऊन बसले होते.

आप्पा म्हणाले, "बाई, पोरगी हुशार हाय हे मलाबी ठावं हाय. पण पोरीचं वय काय वाट बघत बसत न्हाय."

"त्यानं कशाला वाट बघावी?" बाई म्हणाल्या. "वय चालू द्या, पोरगीबी चालू द्या त्याच्यासंगं."

"शब्द देवीवर ठेवलाय मी."

मला वाटलं, आता तोफ सुटणार. पण बाईंनी चक्क मान डोलावली. म्हणाल्या, "मग लांबण कशाला? मंगळवारी माझी जीप चाललीया तुळजापूरला. आनखी चार घरचे यजमान हाईत. तुमी या, मालकिणीलाबी आना." आणि हेल्मेट घालून चालत्या झाल्या. 'व्हय' न ऐकता बाई उठल्या, असं गावात पहिल्यांदाच घडलं. मी त्या रात्री रडले. मला वाटलं, बाई हरल्या.

त्या जीपमध्ये मी नव्हते. पोरांना घ्यायचं नाही, हा बाईंचा हुकूम होता. म्हणून पुढचं सगळं आईकडून ऐकलेलं आहे. तिनं ते इतक्यांदा सांगितलंय की दरवेळी चिमूटभर भर पडते, पण मूळ गोष्ट तीच.

मंगळवारी पहाटे जीप निघाली. आत पाच घरचे आईबाप, पुढं ड्रायव्हरशेजारी बाई. जीपभाड्याला कुणी कुरकुर केली नाही, कारण देवीला जाताना माणूस मागंपुढं बघत नाही, हे बाईंना दुकानाच्या पायरीपासून माहीत होतं. दर्शन झालं, ओट्या भरून झाल्या, सगळ्यांनी कपाळभर मळवट भरला. मग आप्पा चिंतामणीपाशी गेले. देवळात हा गोल दगड आहे. त्यावर दोन्ही हात ठेवून मनातलं विचारायचं. उजवीकडं वळला तर हो, डावीकडं वळला तर नाही, आणि जागचा हललाच नाही तर काम होणार, पण उशिरानं. आप्पांनी विचारलं, पोरीचं लगीन यंदा उरकू का?

दगड हलला नाही.

आप्पा बराच वेळ हात ठेवून बसले, मागची माणसं खोळंबली, तरी दगड जागचा हलला नाही. शेवटी ते उठले. बाई मागेच त्यांची टोपी धरून उभ्या होत्या.

"काय म्हनली देवी?"

"हुईल म्हनती. पर दमानं."

"दमानं म्हंजे किती दमानं?"

"ते कसं सांगावं, बाई?"

"बरं. पर तंवर पोरगी काय करनार?" बाईंनी टोपी त्यांच्या हातात दिली. "घरी बसून ज्वारी निवडनार का?"

आप्पांनी टोपी डोक्यावर चढवली. देवीनं थांब म्हटलेलं आणि थांबायचं कसं, ते मात्र सांगितलं नव्हतं.

सगळे जीपमध्ये बसले आणि बाई ड्रायव्हरला म्हणाल्या, "सोलापूर." मागून ओरडा झाला, बाई, घर तिकडं न्हाय! "म्हायती हाय. अर्ध्या दिवसात घरी जाऊन काय करायलाव? लेकरं जिथं जानार ती जागा नजरंखालनं घालू. बघायला पैसे पडत न्हाईत." उतरायचं तर कुठं उतरणार? जीप सोलापूरच्या रस्त्याला लागलेली.

पुढं दरवर्षी बाईंनी ही जीप काढली. दुसऱ्या वर्षीपासून सगळ्यांना ती कुठं जाणार हे माहीत असायचं, तरी देवीला निघालो असं सांगूनच माणसं बसायची. पण त्या पहिल्या खेपेला खरंच कुणाला काही कल्पना नव्हती. माणसं देवळातून निघाली ती थेट एका जुन्या, दगडी, मोठ्या कमानीच्या कॉलेजपुढं उतरली. कमान, पायऱ्या, आत गार अंधार. आप्पांनी काय केलं, तर पायरीपाशी सवयीनं चपला काढल्या. त्यांचं बघून दुसऱ्यानं काढल्या, मग बायांनी. फाटकावरचा वॉचमन धावत आला, "अहो बाबा, चपला घाला, इथं चालतं!"

"असू द्या," आप्पा म्हणाले. "आमाला असंच बरं वाटतंय."

बाई एका शब्दात ही चूक सुधारू शकल्या असत्या. त्या पायरीवर बसल्या, कॅनव्हासच्या बुटांच्या नाड्या सोडल्या, वेळ लागला, आणि बूट काढून त्या चपलांच्या रांगेत नीट लावून ठेवले. आई म्हणते, बाईंचे पाय पहिल्यांदा दिसले, अगदी लहान होते, पोरीसारखे. मग कपाळभर कुंकू माखलेली, अनवाणी अशी ती सगळी वरात कॉलेजातून फिरली. पोरं-पोरी बाजूला सरून वाट देत होती. आईला वाटलं, आपल्याला मान देतायत. देतही असतील.

प्रयोगशाळेत एक मुलगी काचेच्या नळीतून थेंब थेंब सोडत होती. खालच्या पाण्याचा रंग एकदम गुलाबी झाला. आप्पा तिच्याजवळ जाऊन उभे राहिले.

"कुनाची गं तू?"

"वाशीची मी, काका."

"वाशीची? म्हंजे आमच्या भूमच्या शेजारचीच की. बाप काय करतोय?"

"शेती. आन् मेंढरं हाईत."

"हितं एकटीच ऱ्हातीस?"

"एकटी कसली? खोलीत चौघी हाव की."

"भाकर मिळती का?"

"चपाती मिळती. भाकर रविवारी." ती हसली, आप्पाही हसले. मग त्यांनी विचारलं, "हे थेंबाचं काय हाय?" आणि त्या मुलीनं पाण्यातला क्षार कसा मोजतात ते त्यांना सगळं सांगितलं. आप्पांना त्यातलं किती कळलं कोण जाणे. पण आमच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, हे त्यांनी तिला सांगितलं, आणि ती म्हणाली, "बाटलीत भरून आना काका, तपासून देते." जिच्याशी ते बोलत होते ती एका मेंढरं राखणाऱ्याची लेक होती, आणि तिनं त्यांना आपणहून पाणी तपासून द्यायचा शब्द दिला होता.

वसतिगृहात पुरुषांना जाऊ देत नाहीत. ते झाडाखाली बसले आणि बाया आत गेल्या. बाईंनी आयांना पलंगावर आडवं व्हायला लावलं. "झोपून बघा. लेक हितंच झोपनार हाय." आई आडवी झाली, वरचा पंखा बघितला, गादी चाचपली. खानावळीत जाऊन डाळ चाखली. पातळ होती, पण कडू नव्हती. मग तिनं पिशवी उघडली. देवीच्या ओटीला नेलेल्या सामानातला एक खण आणि नारळ जास्तीचा राहिला होता. वसतिगृहाच्या मॅडम सलवार-कमीजमध्ये होत्या, नागपूरकडच्या असाव्यात. आई त्यांच्यापुढं जाऊन म्हणाली, "पदर धरा." त्यांना कळेना. बाई म्हणाल्या, "मॅडम, ओढणी धरा, ओढणी." त्यांनी ओढणी पसरली आणि माझ्या आईनं त्यांची ओटी भरली. तांदूळ घातले, खण-नारळ घातला, कुंकू लावलं.

"जूनमधी माझी लेक येनार हाय," आई म्हणाली. "तिला सांभाळा."

आप्पांना न विचारता आईनं आयुष्यात केलेली ती पहिली गोष्ट. बाकीच्या चौघी बघतच राहिल्या. बाईंनी आईच्या पाठीवर हात ठेवला. बाईंचा हात पाठीवर पडलेला माणूस आमच्या गावात आईशिवाय दुसरा नाही.

जीप मागच्या फाटकाला उभी होती. पुढं येऊन बघतात तो सगळ्यांच्या चपला जागेवर, बाईंचे बूटही, फक्त आप्पांचा जोड गेलेला. ड्रायव्हर म्हणाला, "आप्पा, बरं झालं, पीडा गेली." बाई आपले बूट काढून देत होत्या, पण त्यात आप्पांची बोटंही शिरेनात. जीप बार्शीमार्गे परत निघाली आणि वाटेत एका बाईनं न राहवून ओटीची गोष्ट आप्पांना सांगितली. आप्पांनी आईकडं पाहिलंसुद्धा नाही. खिडकीबाहेर बघत राहिले. आई सांगते, "लई भ्याले मी. म्हनलं, आता घरी गेल्यावर काय हुतंय कुनास ठावं."

इकडं मी दिवसभर कशातच नव्हते. देवीनं हो म्हटलं असेल तर उन्हाळ्यात मी बार्शीला, एवढं मला कळत होतं. पुस्तक उघडं ठेवून एकही ओळ डोक्यात शिरत नव्हती. दिवस मावळताना बापूकाका मोटारसायकलवरून आले आणि फोन हातात घेऊनच बाजेवर बसले. बार्शीचे पाहुणे निरोपाची वाट बघत होते. मी त्यांना चहा दिला. मान वर केली नाही, त्यांना वाटलं लाजतेय.

जीप दारात थांबली. आधी आई उतरली, माझ्याकडं न बघता आत गेली. मग आप्पा. त्यांच्या कपाळावरचं कुंकू घामानं नाकापर्यंत आलेलं, पाय धुळीनं भरलेले. बाई पुढच्या सीटवर तशाच बसून राहिल्या.

"दादा, काय झालं?" काका उठले. "काय सांगितलं देवीनं? आन् चपला कुठं हाईत तुमच्या?"

"गेल्या. कॉलेजच्या दारात काढल्या हुत्या."

काका मोठ्यानं हसले. "कॉलेजच्या दारात कुनी चपला काढतंय व्हय?"

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मग भावाकडं.

"जिथं लेक ठेवायची, बापू, तिथं बापानं चपला काढूनच जावं," आप्पा म्हणाले. "लाव फोन पाहुन्यांना. पोरगी सोलापूरला शिकाया चाललीया म्हन."

आज धाराशिवच्या प्रयोगशाळेत जिल्ह्यातल्या गावोगावचं पाणी माझ्यापुढं तपासायला येतं, कागदावर माझी सही होते. त्याचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही. पण अंगणात अनवाणी उभ्या असलेल्या बापाचा मला त्या संध्याकाळी जो अभिमान वाटला, तेवढा पुन्हा कशाचाच वाटला नाही. आप्पांचं बोलणं संपतंय तोच आत आईच्या हातातून तांब्या निसटल्याचा आवाज आला. मी पळत जीपकडं गेले. खिडकीची कड धरून मी "बाई..." म्हणाले.

"हितं काय करतीस?" बाई खेकसल्या. "परीक्षा कुनाची हाय, माझी का तुझी? जा, अभ्यासाला बस." आणि चेहरा पलीकडं वळवून ड्रायव्हरला म्हणाल्या, "चल बाबा, अजून चार यजमान सोडायचे हाईत."